परसबागेस पाणी किती व कसें द्यावें?

ह्या मासिकाचे बहुतेक वाचक जमीनधारक शेतकरी आहेत. तेव्हां घरामागील परसबाग किंवा गच्चीवरील कुंड्या ह्यांच्या पाण्याविषयीं चार पानें लिहिणें कित्येकांस अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. ज्यास दहा एकर उसाच्या पाण्याची विवंचना, त्यानें चार वांग्यांच्या रोपांची काळजी काय म्हणून वाहावी, असें कोणीही विचारील. आणि दहा-बारा वर्षांपूर्वीं मीही तसेंच विचारलें असतें. परंतु आज वस्तुस्थिति अशी आहे कीं, आपल्यापैकीं पुष्कळांचें एक बिऱ्हाड शेतावर व दुसरें तालुक्याच्या गांवीं असतें. मुलांच्या शिक्षणाकरितां बायकामाणसें तेथें राहतात, आणि थोरला मुलगा पुण्या-ठाण्याकडे नोकरीस असतो. अशा प्रत्येक घरास मागील दारीं थोडी जागा किंवा निदान वर गच्ची असतेच, आणि शेतकऱ्याच्या कुळांत जन्मलेला मनुष्य मोकळी माती दिसली असतां तींत कांहीं ना कांहीं टोंचल्यावांचून राहत नाहीं.

दुसरें असें कीं, ह्या बागांस लागणारें पाणी कांहीं निराळ्या आभाळांतून पडत नाहीं. खडकवासल्याचें धरण एकोणिसाव्या शतकांत बांधलें गेलें तेव्हांपासूनच त्याजवर मुठा कालव्यांचा आणि पुणें-खडकीच्या वस्तीचा असा दुहेरी हक्क आहे. पुढें पानशेत, वरसगांव व टेमघर हीं धरणें त्याच्या माथ्यावर झालीं. तरी दौंड-इंदापूरकडील शेतकऱ्याचें आवर्तन शहराची तहान पाहूनच ठरतें. सोलापुरास उजनीचें, नाशकास गंगापूरचें, असें प्रत्येक शहर कोणत्या ना कोणत्या धरणावर आपल्या शेजारीं पाणी पीत बसलेलें आहे. शहरांतील बंगल्याच्या बागेंत रबरी नळी रात्रभर सुटी राहिली, तर तिचें दुसरें टोंक आपल्याच चारींत आहे, हें आपण विसरूं नये. आणि ती नळी पुष्कळदां आपल्याच मुलाच्या हातांतील असते.

माझी सर्व नोकरी महसूल खात्यांत कारकुनींत गेली असल्यामुळें कोणतीही गोष्ट आंकड्यांत मांडल्यावांचून मला समजल्यासारखी वाटत नाहीं. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्याजवर एक इंच पाणी भरावयाचें तर सुमारें २,५७० लिटर लागतें. माझ्या नोकरीच्या काळांत टंचाईच्या गांवांस टँकर लावतांना दर माणशीं दर दिवशीं वीस लिटर हें प्रमाण धरीत असत. म्हणजे एका गुंठ्याच्या बागेस एक वेळ इंचभर पाणी सोडणें म्हणजे टंचाईंतील १२८ माणसांचा एक दिवसाचा वांटा मातींत घालणें होय. कोणी म्हणेल, एवढें पाणी कोण घालतो? माझ्या घरच्या नळाखालीं पंधरा लिटरची बादली ठेवून मीं घड्याळ पाहिलें. ती एका मिनिटाच्या आंत भरली. नळी वाफ्यांत टाकून मनुष्य चहा पिण्यास आंत गेला व अर्ध्या तासानें बाहेर आला, तर साडेचारशें लिटर गेलें. तो मनुष्य उधळ्या आहे असें नव्हे. नळीच्या तोंडाशीं माप नसतें इतकेंच. घागरीनें पाणी घालणाऱ्या आपल्या आया-आज्यांस हें माप कमरेवर कळत असे.

हा हिशेब मांडण्याचा मला अधिकार आहे असें मात्र मी म्हणत नाहीं, आणि त्याचें कारण सांगितलें पाहिजे. २०१६ सालच्या उन्हाळ्याची आठवण वाचकांस असेलच. त्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें लातुरास पाणी न्यावें लागलें. आमच्या सोलापूर जिल्ह्यांतील तालुक्यांतही त्या वेळीं वाड्या-वस्त्यांवर टँकर चालू होते, आणि टँकरच्या फेऱ्यांचें नोंदपुस्तक माझ्याकडे होतें. एके दिवशीं एका वस्तीच्या नांवावरची फेरी अर्धीच वस्तीवर उतरली व उरलेली एका सरकारी निवासाच्या हिरवळीवर गेली, असें मला दुसऱ्या सकाळीं टँकरवाल्यानेंच हंसत हंसत सांगितलें. कोणतें निवासस्थान व कोणाचें, हें लिहिण्याचें येथें प्रयोजन नाहीं. नोंदपुस्तकांत फेरी पूर्ण म्हणून माझ्या हातानें लिहिलेली होती. मीं ती दुरुस्त केली नाहीं. वस्तीवरील बायका त्या दिवशीं दुसरी घागर भरण्यास उन्हांत उभ्या राहिल्या असतील, हें मला तेव्हांही समजत होतें. परंतु नोकरीस अजून वर्षें होतीं, आणि मुलीचें लग्न ठरत होतें. हिरवळ म्हणजे काय, तर जी खातां येत नाहीं, जिला सावली नाहीं, आणि जी आपल्या हवेंत पाणी घातल्यावांचून वैशाखांत आठ दिवस हिरवी राहत नाहीं! अशा वस्तूसाठीं ती फेरी अर्धी झाली.

त्याच उन्हाळ्यांत माझ्या स्वतःच्या घरामागें मोरीच्या तोंडाशीं अळूचा एक ताटवा व केळीचे तीन खुंट हिरवेगार उभे होते. आमच्या आळींतील सर्व परसें करपून गेलीं होतीं. माझ्या पत्नीनें नळाचा एक थेंब त्यांस दिला नव्हता. भाजी धुतलेलें, तांदूळ धुतलेलें, हातपाय धुतलेलें पाणी तेवढें तिकडे वळविलें होतें. आठवड्यांतून एक दिवस आमच्या पानांत अळूची भाजी असे, आणि ती कोठून येते हा प्रश्न मला टँकर मोजतां मोजतां कधीं पडला नाहीं. निवृत्त झाल्यावर रिकाम्या हातांनीं परसांत उभा राहिलों तेव्हां पडला.

दुष्काळ आला कीं परसबाग सोडून द्यावी, माणसांस पाणी नाहीं तेथें झाडांस कोठून, असें शहाणीं माणसें सांगतात. मला हें मत मान्य नाहीं. टंचाईंत धान्य सरकारी दुकानांतून मिळतें, परंतु पानांतील हिरवें तेवढें नाहींसें होतें, कारण नेमकी त्याच वेळीं बाजारांत भाजी महाग होते. परसबाग टंचाईंतच हवी असते. मार्च २०२४ मध्यें बंगळूरच्या जलमंडळानें पिण्याचें पाणी बागांस घालण्यास मनाई केली व मोडणारास पांच हजार रुपये दंड ठेविला. मनाई योग्यच होती. परंतु मनाईनें नळी बंद होते, रोप जगत नाहीं. रोप कशानें जगतें तें घरोघर ठाऊक असावें लागतें. पाण्याविना बाग होत नाहीं हें खरें. पिण्याच्या पाण्याविना मात्र ती होते, आणि पुष्कळ बरी होते.

मोरीच्या पाण्याविषयीं प्रथम लिहितों, कारण तें प्रत्येक घरीं आहे. जुन्या वाड्यांत मोरीमागें अळू, केळ व कर्दळ हीं ठरलेलींच असत, आणि तीं कोणा अडाण्यानें लावलेलीं नव्हतीं. हीं तिन्ही झाडें ओल सोसणारीं. अळू व कच्चें केळें शिजवून खाण्याचें, पिकलेलें केळें सोलून खाण्याचें, म्हणून मळक्या पाण्याचा अंश पोटांत जाण्याची भीति थोडी. पपई, शेवगा, नारळ ह्यांसही तें चालतें. मुळा, गाजर किंवा कच्ची खाण्याची कोथिंबीर ह्यांस मात्र तें घालूं नये. पण एक फरक झाला आहे तो लक्षांत घेतला पाहिजे. त्या काळीं भांडीं राखेनें घांसत व डोकीं शिकेकाईनें न्हात. आज दोन्ही कामें साबण व धुण्याची भुकटी करते. ह्या भुकटींत सोडियमचे क्षार असतात. काळ्या मातींत ते सांचत गेले म्हणजे मातीचे कण सुटे होऊन भोकें बुजतात, माती ओली असतां चिकट व वाळली असतां दगडासारखी होते, आणि मग वर घातलेलें पाणी खालीं उतरतच नाहीं. म्हणून धुण्याचें पहिलें फेंसाळ पाणी गटारासच द्यावें; खळबळण्याचें दुसरें-तिसरें पाणी बागेस न्यावें. तेलकट पाण्यासाठीं मोरीच्या तोंडाशीं हातभर खड्डा करून त्यांत विटांचे तुकडे, कोळसा व वर वाळू भरली म्हणजे बरेंच काम होतें. वरची वाळू मधून मधून बदलावी. हें पाणी सांठवून ठेवूं नये. एक दिवस राहिलें कीं त्यास घाण सुटते, आणि मग घरांतील मंडळी बागेवरच रुसतात.

शहरांतील मुलांच्या घरीं दोन पाणी नवीन निघालीं आहेत. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांतून जें टाकाऊ पाणी बाहेर पडतें त्यांत मूळ पाण्यांतील क्षार दाट झालेले असतात. तें फरशी पुसण्यास न्यावें. रोज त्याच कुंडींत ओतल्यास कांहीं महिन्यांत मातीवर पांढरा थर दिसूं लागतो व पानांच्या कडा जळतात. हवा थंड करणाऱ्या यंत्राच्या नळींतून गळणारें पाणी मात्र हवेंतील वाफेचेंच असल्यामुळें जवळजवळ क्षारविरहित असतें. माझ्या मुलाच्या घरीं तें खालच्या मजल्यावरील छपरावर ठिबकून भांडणें होत. आतां त्याखालीं बादली आहे.

आतां मडक्याकडे येतों. जमिनींत कोरें, न रंगविलेलें मातीचें मडकें गळ्यापर्यंत पुरावें, पाण्यानें भरावें, वर परळ झांकावा, आणि भोंवतीं रोपें लावावींत, ही रीत नवी नाहीं. चीनमध्यें सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या फान शेंगझी ह्याच्या शेतीग्रंथांत वेलांच्या मध्यें मडकें पुरण्याची कृति दिलेली आहे. आपल्या देशांत कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेंत आर. सी. मंडल ह्यांनीं मडक्यांवर भाजीपाला पिकवून १९७४ मध्यें त्याविषयीं लिहिलें. आणि साध्या पद्धतीनें देतां न येणाऱ्या खारवट पाण्यावरही मडक्याच्या आश्रयानें भाजी येते, असें तेथील प्रयोगांत दिसून आलें. क्षारपड भागांतील वाचकांनीं ह्या शेवटच्या गोष्टीचा अवश्य विचार करावा.

ह्या रीतीची खुबी अशी कीं, पाणी किती द्यावें हें माळ्यास ठरवावें लागत नाहीं, माती ठरविते. भोंवतालची माती कोरडी असली म्हणजे ती मडक्याच्या अंगांतील सूक्ष्म छिद्रांतून पाणी ओढून घेते. ओली झाली कीं ओढ कमी होते व झिरपणें मंदावतें. पाऊस पडला तर मडकें आपण होऊन थांबतें. पाणी वरून घातलें तर वैशाखाच्या उन्हांत त्यांतील बराच भाग मातीच्या वरच्या दोन बोटांतूनच उडून जातो. मडक्याचें पाणी मुळांच्या उंचीवर निघतें व पृष्ठभाग कोरडाच राहतो, त्यामुळें तणही थोडें माजतें.

हें सर्व वाचून मीं पहिल्या वर्षीं माळ्यावर पडलेले तीन जुने माठ काढले, पुरले, भरले, आणि भोंवतीं वांगीं लावलीं. आठ दिवसांनीं माठ भरलेलेच होते व वांगीं माना टाकून होतीं. ही पद्धति पुस्तकांतच बरी, असें म्हणून मी तें सोडून देणार होतों. पाडव्याच्या सुमारास नवा माठ घेण्यास कुंभारवाड्यांत गेलों असतां तेथील वृद्ध कुंभारास गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “भाऊसाहेब, जो माठ मानसाला गार पानी देईना, त्यो झाडाला कसा पाजंल?” आम्ही जुना माठ टाकतों तो गार करीत नाहीं म्हणून; आणि तो गार करीत नाहीं, कारण आमच्या विंधनविहिरीच्या जड पाण्यांतील क्षारांनीं त्याचीं छिद्रें बुजलेलीं असतात. माठ पाझरतो म्हणून गार होतो, व पाझरतो म्हणूनच रोपास पाजतो. इतकी सरळ गोष्ट मला उभ्या आयुष्यांत सुचली नव्हती. नवें मडकें घेतांना तें पाण्यानें भरून कोरड्या विटेवर ठेवावें. संध्याकाळपर्यंत अंगास सगळीकडून ओल आली तर घ्यावें. मातींत भुसा किंवा लीद थोडी अधिक मिसळली म्हणजे आव्यांत ती जळून जाते व छिद्रें अधिक राहतात, असें कुंभार सांगतात. अशीं मडकीं पिण्याच्या पाण्यास फार पाझरतात म्हणून गिऱ्हाईक त्यांस नांवें ठेवतें. बागेस तींच उत्तम.

मडकें सहा-सात लिटरांचें असावें. भोंवतीं खत व थोडी वाळू मिसळलेली माती दाबून भरावी, कारण मातीचा अंगास घट्ट स्पर्श नसेल तर पाणी ओढलें जात नाहीं. काळ्या रानांत ह्याची फार काळजी घ्यावी लागते. ती माती वाळली म्हणजे आकसून मडक्यापासून सुटते, मध्यें फट पडते, आणि मग मडकें भरलें तरी रोप उपाशी राहतें. म्हणून मडकें पूर्ण कोरडें होऊं देऊंच नये. दोन मडक्यांत अडीच-तीन फुटांचें अंतर ठेवावें व रोपें मडक्यापासून वीतभर अंतरावर, एका मडक्यास चार, अशीं लावावींत. वांगीं, टोमॅटो, मिरची, कारलें, दोडका हीं चांगलीं येतात. मेथी, पालक, शेपू अशी फोकून पेरलेली दाट भाजी ह्या रीतीस जुळत नाहीं. तिचीं मुळें वरवर असतात व मडक्याची ओल सर्वत्र पोंचत नाहीं. रोपें लावल्यापासून पहिले दहा-पंधरा दिवस मुळांस मडक्याचा पत्ता लागेपर्यंत तांब्यानें वरूनही पाणी द्यावें लागतें. इतकें जपल्यावर माझ्या दहा मडक्यांस वैशाखांत एक दिवसाआड साठ-सत्तर लिटर पाणी पुरतें, माघांत चौथ्या-पांचव्या दिवशीं भरलें तरी चालतें. पूर्वीं तेवढ्याच जागेस मी नळीनें अर्धा तास पाणी देत असें.

मोरीचें पाणी मडक्यांत ओतूं नये. साबणानें व तेलानें छिद्रें एका हंगामांत बुजतात. मडक्यास पावसाचें सांठवलेलें, तांदूळ धुतलेलें पण गाळलेलें, किंवा तेंही नसेल तर साधें पाणी द्यावें. दोन हंगामांनंतर मडकें उकरून काथ्यानें घांसावें व उन्हांत ठेवावें. आणि परळ कधींही उघडा टाकूं नये. स्वच्छ सांचलेल्या पाण्यांतच डेंग्यूचे डास वाढतात, व एका उघड्या मडक्यामुळें सगळ्या आळीची बाग बंद करण्याचा हुकूम यावयास वेळ लागत नाहीं.

गच्चीवरील कुंड्यांकरितां मोठें मडकें नको. संक्रांतीचीं सुगडें वाण देऊन झाल्यावर घरोघर पडून असतात; तीं कुंडीच्या मधोमध पुरावींत. एका सुगडांत अर्धा-पाऊण लिटर पाणी मावतें. अलीकडे तीं रंगवून विकतात, तीं ह्या कामीं निरुपयोगी. रंगानें छिद्रें बंद होतात. येथें एक उलट गोष्टही सांगितली पाहिजे. जो पाझर मडक्याचा गुण, तोच मातीच्या कुंडीचा अवगुण आहे. उघड्या गच्चीवर ठेवलेल्या मातीच्या कुंडीच्या अंगांतून सर्व बाजूंनीं पाणी उडत असतें, म्हणून तीस प्लॅस्टिकच्या डब्याहून अधिक पाणी लागतें. मातीच्या कुंड्या एकमेकींस चिकटून ठेवाव्यात, पश्चिमेच्या उन्हास आडोसा करावा, किंवा बाहेरची बाजू तरटानें गुंडाळावी. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या पाणी राखतात, परंतु दुपारीं इतक्या तापतात कीं कडेचीं मुळें शिजतात. शिवाय गच्चीवर माती चढविण्यापूर्वीं घर बांधणारास विचारावें. शंभर चौरस फुटांवर फूटभर ओल्या मातीचें वजन पांच टनांच्या आसपास जातें. पालापाचोळ्याचें कुजलेलें खत व नारळाचा भुसा अधिक आणि माती थोडी, असें मिश्रण हलकेंही असतें व ओलही धरून ठेवतें.

ठिबक संचाविषयीं लिहिलें नाहीं तर वाचक रागावतील. शेतावर ठिबकाची योग्यता मी नाकारीत नाहीं. उसास व फळबागांस तें पाहिजेच. पण पंधरा-वीस कुंड्यांच्या बागेस बाजारांतून पेटी आणून जोडणारे जे गृहस्थ मीं पाहिले, त्यांपैकीं बहुतेकांची निराशा झालेली आहे, व त्याचें कारण साधें आहे. तासास चार लिटर देणारी साधी तोटी दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या दाबावर चार लिटर देते. तीच बादली स्टुलावर, म्हणजे मीटरभर उंचीवर, ठेवली तर सवा लिटराच्या आसपास देते. मग गृहस्थ म्हणतो, तोटी तुंबली, आणि सुईनें तिचें भोंक मोठें करतो. त्यानंतर पहिल्या कुंडींत पूर व शेवटच्या कुंडींत दुष्काळ. दाब कमी आहे हें ओळखून बादली अधिक वेळ चालूं द्यावी, नळी सपाट ठेवावी, पाणी फडक्यानें गाळून घ्यावें, म्हणजे तोच संच चांगलें काम देतो. घड्याळाच्या तोट्याही निघाल्या आहेत. त्या ठरलेल्या वेळीं, भर पावसांतसुद्धां, इमानानें पाणी सोडतात. वैशाखांत शंकराच्या पिंडीवर गळती बांधतात तिच्यांत आणि ठिबकांत तत्त्वतः भेद नाहीं. फरक एवढाच कीं गळतीकडे पुजारी रोज पाहतो.

पाहणें हेंच ह्या लहान बागांचें मुख्य काम आहे. कुंडीस पाणी हवें कीं नको हें घड्याळावरून न ठरवितां बोट दोन पेरें मातींत घालून ठरवावें. वरची माती पांढरी दिसते म्हणून पाणी ओतणारे पुष्कळ असतात. खालीं ती ओलीच असते आणि रोप तहानेनें नव्हे तर मुळें कुजून मरतें. दुपारीं पानें लोंबलीं तरी घाबरूं नये. संध्याकाळीं तीं उठलीं नाहींत तर मात्र पाणी द्यावें. मातीवर दोन-तीन बोटें जाड आच्छादन असावें. शेतावरून येतांना पाचटाचा एक भारा आणावा, तो वर्षभर पुरतो. शहरांत पाचट नसेल तर रस्त्यावरचा वाळका पाला लोक गोणींत भरून जाळतात, तो मागून घ्यावा. आच्छादनाखालीं वाळवी आली तर तें खोडापासून चार बोटें दूर सारावें. घाबरून सर्वच उचलून टाकूं नये. फुकट मिळणाऱ्या सर्व उपायांत पाणी वांचविणारा हा पहिला उपाय आहे, आणि फुकट असल्यामुळेंच त्यावर कोणाचा विश्वास बसत नाहीं, हें मी अनुभवानें सांगतों.

आपल्या संघाच्या चालकांस माझी एक सूचना आहे. संघाच्या भांडारांत बी-बियाणें, औषधें व ठिबकाच्या नळ्या मिळतात, परंतु बागेचें मडकें मिळत नाहीं. बाजारांतील माठ पिण्याच्या पाण्याकरितां केलेले असल्यामुळें त्यांचें तोंड रुंद, अंग जाड व किंमत अधिक असते. पातळ अंगाचें, अरुंद तोंडाचें, सहा-सात लिटरांचें, परळासह मडकें तालुक्यांतील कुंभारांकडून मागणी देऊन करून घ्यावें आणि शिवरात्रीच्या आंत भांडारांत ठेवावें. ज्या सभासदांचीं शहरांत घरें आहेत त्यांनीं दहा-दहा नेलीं तरी प्रथम वर्षीं खप होईल. सरकारी निवासांच्या हिरवळीविषयींही वार्षिक सभेंत ठराव यावा असें मला वाटतें: टंचाई जाहीर झालेल्या तालुक्यांत कोणत्याही कचेरीच्या किंवा अधिकाऱ्याच्या आवारांत टँकरचें अगर नळाचें पाणी हिरवळीवर घालूं नये, व टँकरच्या नोंदपुस्तकावर वस्तीवरील एका बाईची सही किंवा अंगठा असावा. असा अंगठा त्या वेळीं माझ्या पुस्तकांत असता, तर ती फेरी पूर्ण लिहिण्यास माझा हात धजला नसता.

मडक्यांविषयीं कुंभाराशीं माझें बोलणें झालें आहे. दोनशें मडक्यांची मागणी असल्यास माती पौषांतच भिजत घालावी लागेल, आणि निम्मी रक्कम आगाऊ द्यावी लागेल, असें त्याचें म्हणणें आहे.